निनोच्का : कट्टर कॉम्रेडला हसवणारी लव्हस्टोरी आणि त्या हसण्यामागचं राजकारण

फॅमिली ग्रुपवर राजकारणावरून भांडण झालं नाही, असं घर आजकाल सापडणं अवघड. मित्रांनी एकमेकांना ब्लॉक केलंय, लग्नाच्या बोलणीत पक्ष विचारला जातो, डेटिंग ॲपवर लोक आपली विचारसरणी आधीच लिहून ठेवतात. मग प्रश्न येतोच. ज्याचं राजकारण आपल्याला अजिबात पटत नाही, अशा माणसाच्या प्रेमात पडता येतं का? आणि पडलं, तर बदलायचं कुणी?

हा प्रश्न हॉलिवूडने १९३९ साली विचारला होता. सिनेमाचं नाव ‘निनोच्का’. एका बाजूला मॉस्कोहून आलेली कट्टर कम्युनिस्ट अधिकारी, दुसऱ्या बाजूला पॅरिसमधला ऐतखाऊ सरदार. एम.जी.एम. या बड्या स्टुडिओने काढलेला, पावणेदोन तासांहून थोडा मोठा, कृष्णधवल सिनेमा. रोमँटिक कॉमेडीच्या कुठल्याही यादीत तो आजही असतो.

पण त्याच्यामागची माणसं कोण होती हे कळलं की हा सिनेमा निव्वळ कॉमेडी वाटत नाही. आधी गोष्ट बघू, मग त्या माणसांकडे वळू. (पुढे शेवटासकट सगळं सांगितलंय. सिनेमा आधी बघायचा असेल तर इथेच थांबा.)

गोष्ट काय आहे?

सोव्हिएत सरकारला पैशाची गरज आहे. त्यासाठी इरानॉफ, बुल्यानॉफ आणि कोपाल्स्की हे तीन अधिकारी पॅरिसला येतात. क्रांतीनंतर राजघराण्याकडून जप्त केलेले दागिने विकायचे आणि आलेला पैसा मायदेशी न्यायचा, एवढंच काम. पण पॅरिसचं झगझगीत हॉटेल बघून तिघेही पाघळतात. लेनिनच्या देशाची शान राखायची तर भारीतलाच सूट घ्यायला हवा, अशी एकमेकांची समजूत घालून ते तिथेच मुक्काम ठोकतात.

ज्यांचे दागिने जप्त झाले होते त्या ग्रँड डचेस स्वानाबाईही क्रांतीनंतर पॅरिसमध्येच राहत असतात. हॉटेलात वेटरचं काम करणारा एक जुना रशियन सरदार त्यांच्या कानावर ही बातमी घालतो. स्वानाचा मित्र काउंट लिऑन तिच्या वतीने कोर्टात जाऊन विक्री अडवतो. वर या तीन कॉम्रेडना दारू पाजून, पार्ट्या देऊन खिशात टाकतो.

प्रकरण चिघळल्यावर मॉस्को खास दूत पाठवते. तिघे स्टेशनवर घ्यायला जातात. दाढीवाला एक माणूस दिसतो. हाच आपला कॉम्रेड असं वाटून ते त्याच्या मागे निघतात, तेवढ्यात तो समोरच्याला हिटलरचा सलाम ठोकतो. तिघे गपचूप मागे फिरतात. खरा दूत म्हणजे प्लॅटफॉर्मवर एकटी उभी असलेली एक बाई निघते. नीना इव्हानोव्ना याकुशोवा, म्हणजेच निनोच्का.

तिचा स्वभाव पहिल्या दोन मिनिटांतच कळतो. हमाल तिची बॅग उचलायला येतो. दुसऱ्याचं ओझं तू का वाहतोस, असं ती विचारते. हा माझा धंदा आहे, तो सांगतो. हा धंदा नाही, सामाजिक अन्याय आहे, ती सुनावते. त्यावर हमाल म्हणतो, ते टिप किती मिळते त्यावर अवलंबून आहे.

पुढे रस्त्यात तिची आणि लिऑनची गाठ पडते. कोण कुणाचा शत्रू हे दोघांनाही ठाऊक नसतं. तिला आयफेल टॉवर बघायचा असतो, तोही तांत्रिक अभ्यासासाठी. तो तिच्यावर भाळतो. ती प्रेमाला शरीरातली रासायनिक प्रक्रिया मानते, पण त्याच्या घरी जाते. तिथे फोन येतो आणि दोघांनाही कळतं की दागिन्यांच्या खटल्यात आपण एकमेकांच्या विरोधात उभे आहोत.

ती हसते तो सीन

निनोच्का कामगारांच्या एका साध्या खानावळीत जेवायला जाते आणि कच्चं बीट आणि गाजर मागते. हे रेस्टॉरंट आहे, कुरण नाही, असं मालक तिला ऐकवतो. लिऑनही मागोमाग तिथे पोचतो. तिला हसवायचंच या इरेला पेटून एकामागून एक विनोद सांगतो. ती ढिम्म.

शेवटी तो कॉफीचा विनोद काढतो. एक गिऱ्हाईक साय न घातलेली कॉफी मागतं. वेटर म्हणतो, साहेब, साय संपलीय, दूध न घातलेली चालेल का? शेजारच्या टेबलांवरचे कामगार खो-खो हसतात. निनोच्काच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. वैतागलेला लिऑन मागे रेलतो, खुर्ची-टेबलासकट धाडकन आपटतो, आणि ती हसायला लागते. टेबलावर हात आपटत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. लिऑन आधी चिडतो, मग तोही हसतो.

त्याचा एकही युक्तिवाद तिला पटलेला नसतो. श्रीमंती, सौंदर्य, हजरजबाबीपणा यांतलं काहीच चाललेलं नसतं. सगळ्यांदेखत त्याची फजिती होते, तेव्हा कुठे ती त्याच्याकडे माणूस म्हणून बघते. दोन टोकांच्या माणसांमधलं अंतर कमी कसं होतं, याचं या सिनेमाचं उत्तर इथे आहे. वाद जिंकून ते होत नाही. कुणीतरी आपला ताठा सोडावा लागतो.

‘गार्बो हसते!’

निनोच्काच्या भूमिकेत होती ग्रेटा गार्बो. त्या काळातली जगातल्या सर्वांत मोठ्या स्टार्सपैकी एक. दुःखी, गूढ, शोकांत नायिका हीच तिची ओळख. १९३० साली तिचा पहिला बोलपट ‘ॲना ख्रिस्टी’ आला तेव्हा ‘गार्बो बोलते!’ अशी जाहिरात झाली होती. त्याच धर्तीवर एम.जी.एम.ने ‘निनोच्का’ची जाहिरात केली, ‘गार्बो हसते!’ खरं तर ती आधीच्या सिनेमांतही हसली होती, पण जाहिरात चालली.

या भूमिकेत तिच्या स्वतःच्या आयुष्याचाही एक धागा होता. गार्बो स्टॉकहोमच्या गरीब वस्तीत वाढली. वडील मजूर होते आणि ती चौदा वर्षांची असताना वारले. शाळा सोडून तिने न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या गालाला साबण लावायचं काम केलं. मग एका मोठ्या दुकानात नोकरी धरली. तिथे कॅटलॉगच्या फोटोंसाठी ती हॅट घालून उभी राहायची. सिनेमात निनोच्काच्या मनातला बदल ज्या वस्तूने दाखवलाय, ती वस्तूही हॅटच आहे.

हॅटचा किस्सा

कट्टर कॉम्रेड हळूहळू पॅरिसच्या मोहात पडते हे दाखवायचं कसं? लेखकांनी त्यासाठी पानंच्या पानं लिहिली होती. पटकथाकारांपैकी एक असलेला बिली वाइल्डर नंतर हा किस्सा आवडीने सांगायचा. दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच बाथरूममधून बाहेर आला आणि म्हणाला, उत्तर हॅटमध्ये आहे.

मग ते सगळं लिखाण तीन छोट्या प्रसंगांत बसलं. पहिल्यांदा निनोच्का हॉटेलातल्या दुकानाच्या काचेत एक विचित्र हॅट बघते. बायकांना असल्या गोष्टी डोक्यावर घालू देणारी संस्कृती फार दिवस टिकणार नाही, असं ती सोबतच्या तिघांना सांगते. दुसऱ्यांदा ती तिथून जाताना नुसती मान हलवते. तिसऱ्यांदा ती तिघांना बाहेर पाठवते, खोलीची दारं बंद करून घेते, कपाटाचा खण उघडते आणि आतून तीच हॅट काढून आरशासमोर घालून बघते.

एकही भाषण नाही, कबुली नाही. न बोलता सगळं सांगून जायच्या या शैलीला जगभर ‘लुबिच टच’ म्हणतात. वाइल्डरने लुबिचला आयुष्यभर गुरू मानलं.

ही माणसं आली कुठून?

लुबिच बर्लिनमधला ज्यू. १९२२ साली तो अमेरिकेत आला. १९३५ साली नाझी सरकारने त्याचं जर्मन नागरिकत्व काढून घेतलं.

वाइल्डरही ज्यू. हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, म्हणजे १९३३ साली, त्याने बर्लिन सोडलं. त्याची आई मागे राहिली आणि नाझींच्या वंशसंहारात मारली गेली. मूळ कथा लिहिणारा मेल्शिओर लेंग्येल हंगेरीचा, तर दुसरा पटकथाकार वॉल्टर राइश व्हिएन्नाचा. चार्ल्स ब्रॅकेट हा पटकथाकार तेवढा अमेरिकन.

बुल्यानॉफ झालेला फेलिक्स ब्रेसार्ट नाझींमुळे जर्मनी सोडून आलेला नट. आणि सगळ्यांत विलक्षण कहाणी आहे कोपाल्स्की झालेल्या अलेक्झांडर ग्रानाखची. हा बर्लिनच्या रंगभूमीवरचा नावाजलेला ज्यू नट. हिटलर आल्यावर तो आश्रयासाठी थेट सोव्हिएत संघात गेला. तिथे १९३७ साली, स्टालिनच्या धरपकडीच्या काळात, त्याला अटक झाली. लेखक लिऑन फॉइश्टवांगरच्या शिफारशीमुळे तो सुटला आणि पुढे अमेरिकेला पोचला. ‘निनोच्का’ हा त्याचा पहिला अमेरिकन सिनेमा. पडद्यावर मॉस्कोला घाबरत विनोद करणारा हा माणूस तिथला तुरुंग बघून आला होता.

मॉस्कोतल्या कडक कमिसारच्या भूमिकेत कोण आहे माहितेय? ड्रॅक्युला म्हणून जगाला माहीत असलेला बेला लुगोसी. १९१९ साली हंगेरीत काही महिने कम्युनिस्ट सरकार आलं, तेव्हा तो नटांची संघटना बांधण्यात पुढे होता. ते सरकार पडल्यावर त्याला देश सोडून पळावं लागलं.

म्हणजे या सेटवर हुकूमशाहीवरचे विनोद लिहिणाऱ्या आणि करणाऱ्या अनेकांनी तिचे चटके स्वतः खाल्ले होते. काहींनी उजव्या हुकूमशाहीचे, काहींनी डाव्या, आणि ग्रानाखने तर दोन्हींचे.

विनोद की जखमेवर मीठ?

मॉस्कोत काय चाललंय असं तिघे कॉम्रेड विचारतात, तेव्हा निनोच्का निर्विकारपणे सांगते की सामूहिक खटले छान पार पडले, आता रशियन संख्येने कमी पण दर्जाने चांगले असतील. स्टालिनने जुन्या साथीदारांवर मॉस्कोत खटले भरून त्यांना गोळ्या घातल्या ते साल होतं १९३६ ते १९३८. म्हणजे हा विनोद लिहिला गेला तेव्हा त्या बातम्या शिळ्याही झाल्या नव्हत्या.

पण सिनेमा फक्त एकाच बाजूला बोचकारत नाही. प्रेमात पडलेला लिऑन मार्क्स वाचायला लागतो आणि आपल्या म्हाताऱ्या नोकराला समतेचं महत्त्व पटवायला जातो. ज्याचा पगार मालकाने दोन महिने दिलेला नाही, तो नोकर हादरतो. समता आली तर आयुष्यभर साठवलेली पुंजी या कफल्लक मालकाबरोबर वाटून घ्यावी लागेल, ही कल्पनाच त्याला सहन होत नाही. डचेस स्वाना तर जुन्या राजवटीच्या माजाचा नमुना आहे.

आणि निनोच्का स्वतः? शॅम्पेन चढल्यावर ती रेस्टॉरंटच्या लेडीज रूममध्ये जाऊन तिथल्या कामगार बायकांना संपावर जायला सांगते. प्रेमात पडली तरी तिचं राजकारण कुठे गेलेलं नसतं.

त्याच रात्री हॉटेलवर परतल्यावर ती लिऑनला म्हणते की इतकं सुखी होणं हा गुन्हा आहे, मला शिक्षा व्हायला हवी. लिऑन तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधून तिला भिंतीशी उभं करतो आणि शॅम्पेनची बाटली उघडतो. बुचाचा आवाज होतो आणि ती गोळी लागल्यासारखी खाली बसते. प्रेक्षक हसतात. पण त्याच काळात सोव्हिएत संघात हजारो माणसं खरोखर अशीच भिंतीशी उभी केली गेली होती, हे आठवलं की ते हसू घशात अडकतं.

प्रेम की भाकरी?

ती झोपलेली असताना दागिने चोरीला जातात. सकाळी स्वाना समोर येऊन सौदा मांडते. दागिन्यांवरचा दावा सोडते, पण तू आजच पॅरिस सोडायचं आणि लिऑनला पुन्हा भेटायचं नाही.

इथे सिनेमाचा कस लागतो. कोर्टात खटला लांबला तर त्या पैशातून येणारं अन्न लांबेल आणि मायदेशी लोक उपाशी राहतील, हे निनोच्काला माहीत असतं. ती सौदा मान्य करते आणि न भेटता निघून जाते. साधी प्रचारकी गोष्ट असती तर नायिकेने विचार सोडून नायक निवडला असता. इथे ती लोकांची भाकरी निवडते. १९३२-३३च्या दुष्काळात सोव्हिएत संघात लाखो माणसं भुकेने गेली होती, त्यामुळे हे कारण कुणाला पोकळ वाटलं नसेल.

मॉस्कोत ती एका खोलीत इतर बायकांबरोबर राहते. त्याच खोलीतून एक शेजारी सतत ये-जा करतो. तो न्हाणीघराकडे निघालाय की गुप्त पोलिसांकडे, हे कुणालाच कळत नाही. पॅरिसचे तीन मित्र जेवायला येतात, प्रत्येकजण आपल्या वाट्याचं एकेक अंडं घेऊन. चौघांची मिळून ऑम्लेट पार्टी होते. लिऑनचं पत्र येतं, पण सेन्सॉरने मधला सगळा मजकूर खोडलेला असतो. उरतो फक्त मायना आणि शेवट. आमच्या आठवणी तरी कुणी सेन्सॉर करू शकत नाही, असं मित्र तिची समजूत घालतात.

पुढे तिघांना कॉन्स्टँटिनोपलला पाठवलं जातं. ते तिथे पुन्हा गोंधळ घालतात, चौकशीला निनोच्का जाते, आणि तिथे लिऑन उभा असतो. व्हिसा नाकारला गेल्यामुळे त्यानेच हा डाव रचलेला असतो. परदेशातल्या प्रत्येक सोव्हिएत अधिकाऱ्याला फितवीन, पण तुला बाहेर काढीन, असं तो सांगतो. देशाच्या भल्यासाठी मला थांबावंच लागेल, असं म्हणत ती हसून राजी होते.

मग जिंकलं कोण?

वरवर बघता भांडवलशाही. ती त्याच्या जगात येते, तो तिच्या जगात जात नाही. बदलाचं ओझं बाईवर जास्त पडतं, आणि स्वातंत्र्य म्हणजे रेशमी कपडे आणि हॅट असा हिशेब सिनेमा कधीकधी मांडतो. ही टीका रास्तच आहे.

पण शेवटचं दृश्य विसरू नका. तिन्ही कॉम्रेडनी कॉन्स्टँटिनोपलमध्ये हॉटेल काढलंय. दिव्यांच्या पाटीवर कोपाल्स्कीचं नाव पेटत नाही. म्हणून तो गळ्यात फलक अडकवून स्वतःच्याच हॉटेलसमोर निषेध करत फिरतोय, भागीदारांनी अन्याय केला म्हणून. मालक झाला, तरी आंदोलन सुटलं नाही. चिमटा दोन्ही बाजूंना बसतो आणि सिनेमा तिथेच संपतो.

पडद्याबाहेरचं राजकारण

शूटिंग झालं १९३९च्या उन्हाळ्यात. २३ ऑगस्टला हिटलर आणि स्टालिन यांच्या सरकारांनी अनाक्रमण करार केला. १ सप्टेंबरला पोलंडवर हल्ला होऊन युद्ध पेटलं. सिनेमा झळकला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. त्याच्या सुरुवातीच्या पाटीवर लिहिलंय की ही गोष्ट त्या सुखाच्या पॅरिसमधली आहे, जिथे दिवा मालवण्याचं कारण हवाई हल्ला नसायचं. पुढच्या जूनमध्ये पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेलं.

‘निनोच्का’ला ऑस्करची चार नामांकनं मिळाली. सर्वोत्कृष्ट चित्रपट, अभिनेत्री, मूळ कथा आणि पटकथा. पण ते साल ‘गॉन विथ द विंड’चं होतं. पुरस्कार एकही मिळाला नाही.

सोव्हिएत संघात सिनेमावर बंदी आली. १९४८ साली इटलीच्या निवडणुकीत कम्युनिस्ट जिंकतील अशी भीती होती, तेव्हा तिथे हा सिनेमा प्रचाराचं हत्यार म्हणून दाखवला गेला. निर्वासितांनी दोन्ही बाजूंची टर उडवत बनवलेला सिनेमा अखेर एका बाजूच्या कामी आला.

आणि लिऑनची भूमिका करणारा मेल्विन डग्लस? तो खऱ्या आयुष्यात उदारमतवादी आणि नाझीविरोधी चळवळीत सक्रिय होता. त्याची बायको हेलन गॅहॅगन डग्लस अमेरिकी संसदेत निवडून गेली होती. १९५० साली ती कॅलिफोर्नियातून सिनेटची निवडणूक लढली. समोर होते रिचर्ड निक्सन. ती कम्युनिस्टधार्जिणी आहे असा प्रचार त्यांनी गुलाबी कागदावर छापून वाटला. लाल नाही तर निदान गुलाबी, असा त्याचा इशारा. ती हरली. कम्युनिस्ट बाईला प्रेमाने जिंकणारा पडद्यावरचा नायक आणि खऱ्या आयुष्यात बायकोवर बसलेला कम्युनिस्टपणाचा शिक्का, या दोन्हींमध्ये अंतर फक्त अकरा वर्षांचं.

गार्बोने यानंतर एकच सिनेमा केला, १९४१ सालचा ‘टू-फेस्ड वुमन’, तोही डग्लसबरोबरच. मग छत्तीसाव्या वर्षी ती पडद्यावरून कायमची बाजूला झाली. १९९० साली न्यूयॉर्कमध्ये ती वारली. त्याच वर्षी ‘निनोच्का’ची निवड अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट यादीत जतनासाठी झाली.

पुढे काय झालं?

या गोष्टीवरून कोल पोर्टरच्या संगीताने सजलेलं ‘सिल्क स्टॉकिंग्ज’ हे संगीतनाटक १९५५ साली ब्रॉडवेवर आलं. १९५७ साली त्याचा सिनेमा झाला, फ्रेड अस्टेअर आणि सिड चॅरिस यांना घेऊन. वाइल्डरने १९६१ साली ‘वन, टू, थ्री’ काढला. त्यात कोका-कोलाच्या बड्या साहेबाची मुलगी पूर्व बर्लिनच्या कम्युनिस्ट पोराशी लग्न करते. शूटिंग चालू असतानाच बर्लिनची भिंत उभी राहिली आणि विनोदाचा विषय रातोरात शोकांतिका झाला.

भिन्न विचारांच्या माणसांनी प्रेम करावं की नाही, यावर ‘निनोच्का’ उपदेश करत नाही. तो दोन अटी मात्र दाखवतो. समोरच्याच्या डोक्यातले विचार खोडून काढायच्या आधी तो हसतो कशाला आणि रडतो कशाला हे कळलं पाहिजे. आणि आपण धडपडलो तर समोरच्याने हसावं, एवढी जागा आपण ठेवली पाहिजे. लिऑनला हे जमायला खुर्चीवरून पडावं लागलं.